मिस मार्पलच्या कादंबऱ्यांतला दुसरा खून

इंग्रज रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती यांनी मिस जेन मार्पल या खेड्यात राहणाऱ्या आणि खुनांचा उलगडा करणाऱ्या वृद्ध बाईवर बारा कादंबऱ्या आणि वीस लघुकथा लिहिल्या. पहिली कथा डिसेंबर १९२७ मध्ये ‘रॉयल मॅगझिन’ या मासिकात आली, पहिली कादंबरी १९३० मध्ये, आणि शेवटची १९७६ मध्ये, लेखिकेच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी. ही पुस्तके मी क्रमाने वाचली आहेत आणि क्रम मोडूनही वाचली आहेत, आणि त्यांच्याविषयी सर्वत्र जे मत ऐकू येते ते मला अपुरे वाटते, म्हणून हे लिहिते आहे. ते मत असे की, आज ज्यांना ‘कोझी’ रहस्यकथा म्हणतात त्यांची ही मूळ पुस्तके आहेत : टुमदार इंग्रजी खेडे, चर्च, चहा, विणकाम, रक्ताचा फारसा थेंबही न दाखवता झालेला एखादा खून आणि शेवटी सगळ्यांना एकत्र बसवून केलेला उलगडा, पावसाळ्यातल्या दुपारी वाचावे आणि रात्री निर्धास्त झोपावे. हे वर्णन खोटे नाही. परंतु या पुस्तकांत एक खून असा असतो की ज्याला हे वर्णन लागू पडत नाही, आणि तो बहुधा पहिला खून नसतो.

पहिला खून कोड्यासाठी असतो. मरणारा माणूस पुष्कळदा पैसेवाला आणि तापट असतो, त्याच्या जाण्याने कुणाचा ना कुणाचा फायदा होणार असतो, आणि त्याच्यासाठी मनापासून रडणारे घरात फारसे कुणी नसते. वाचक निर्धास्तपणे संशयितांची यादी करू लागतो. मग पुस्तकाच्या मध्यावर केव्हातरी घरातली मोलकरीण मरते. तिने काहीतरी पाहिलेले असते. आपण पाहिले त्याचा अर्थ तिला लागलेला नसतो, किंवा लागला तरी तो कुणाला सांगावा आणि सांगितल्यावर आपले ऐकून कोण घेईल हे तिला उमगत नसते. रहस्यकथा लिहिणाऱ्याला ही मोठी सोय आहे, कारण एक साक्षीदार कमी होतो, भीती वाढते आणि कथा पुढे सरकते. ख्रिस्तीबाईंनी ही सोय पुष्कळदा वापरली आणि कधीकधी अगदी यांत्रिकपणे वापरली. पण मार्पलच्या काही पुस्तकांत त्या मुलीच्या मरणापाशी त्या थांबल्या, आणि माझ्या मते या मालिकेचा खरा कस त्या ठिकाणी लागतो. खुनी कोण हे मी कुठेही सांगणार नाही; कोण मरते हे मात्र सांगावे लागेल.

‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ (१९३०) या पहिल्या कादंबरीत याची काहीच चाहूल नाही. सेंट मेरी मीड गावच्या धर्मोपदेशकाच्या अभ्यासिकेत कर्नल प्रॉथरो यांचा गोळी लागलेला मृतदेह सापडतो, आणि कथा तो धर्मोपदेशकच सांगतो. या घरातली मेरी नावाची मोलकरीण वाईट स्वयंपाक करते, आणि ती सुधारू नये अशी धर्मोपदेशकाच्या तरुण पत्नीची, ग्रिसेल्डाची, इच्छा आहे, कारण मेरी चांगला स्वयंपाक करू लागली तर जास्त पगार देणारे कुणीतरी तिला घेऊन जाईल. हा विनोद आजही रंगतो. पण इथे मेरी विनोदापुरतीच आहे, आणि मिस मार्पलही नंतर आपल्याला माहीत होते ती नाही. बागकामाचे आणि पक्षी पाहण्याचे निमित्त करून सगळ्या गावावर नजर ठेवणारी, थोडी भीतीच वाटावी अशी ती शेजारीण आहे. कोडे उत्तम आहे, निवेदकाचा आवाज फार गोड आहे, आणि तरीही नव्या वाचकाने इथून सुरुवात करावी असे मी म्हणणार नाही. ‘द बॉडी इन द लायब्ररी’ (१९४२) ही त्या मानाने अधिक चांगली सुरुवात ठरेल. तिथे सकाळचा चहा घेऊन येणारी मोलकरीणच ग्रंथालयात प्रेत असल्याची बातमी मालकिणीला रडत रडत सांगते, आणि मालकिणीचा नवरा, कर्नल बँट्री, तुला स्वप्न पडले असेल म्हणून बायकोलाच गप्प करतो. त्या पहिल्याच प्रकरणात एक गोष्ट नेमकेपणाने सांगून झालेली आहे : खालच्या मजल्यावरून वर येणाऱ्या बातमीवर वरच्या मजल्याचा लगेच विश्वास बसत नाही.

याच सुमारास आलेल्या ‘द मूव्हिंग फिंगर’मध्ये हा धागा पहिल्यांदा ठळकपणे हाती लागतो. लिमस्टॉक या गावात निनावी, घाणेरडी पत्रे येऊ लागतात आणि त्यांतून एक मृत्यू होतो. विमान अपघातातून सावरायला आलेला जेरी बर्टन आणि त्याची बहीण जोआना ज्या घरात राहतात, तिथे पार्ट्रिज नावाची कडक स्वभावाची जुनी नोकर आहे. ॲग्नेस वॉडेल ही पूर्वी पार्ट्रिजच्या हाताखाली असलेली आणि आता दुसऱ्या घरी कामाला लागलेली मुलगी एके दिवशी तिला फोन करते : काहीतरी मनाला खटकते आहे, सल्ला हवा आहे, चहाच्या वेळी येऊ का? पार्ट्रिज या फोनबद्दल जोआनाची माफी मागते, कारण नोकरांनी मालकाचा फोन वापरणे तिच्या शिस्तीत बसत नाही. ॲग्नेस येते म्हणते आणि येत नाही. ती कामाला असते त्या घरी कुणाला विशेष काळजी वाटत नाही. सुटीचा दिवस होता, गेली असेल कुठेतरी. ती त्याच घरात, जिन्याखालच्या कपाटात असते.

हे प्रकरण मी जितक्या वेळा वाचले तितक्या वेळा मला त्या फोनने अस्वस्थ केले आहे. ॲग्नेसला पोलिसांकडे जायचे सुचत नाही, आपल्या मालकांशी बोलायचे सुचत नाही. जिच्याकडून पूर्वी बोलणी खाल्ली अशा एका वृद्ध नोकर बाईखेरीज तिला जगात विचारायला कुणी नाही. आणि ते विचारणेसुद्धा उद्धटपणा ठरते. ख्रिस्तीबाई यावर एक वाक्यही भाष्य करत नाहीत. या कादंबरीत मिस मार्पल फार उशिरा येते, म्हणून पुष्कळ वाचक या पुस्तकाला मालिकेत खालचे स्थान देतात. मी ती वरच्या तीनांत ठेवते. जेरीचे निवेदन, मेगन या दुर्लक्षित मुलीचे चित्रण आणि गावातल्या कुजबुजीचा वेग यांत मालिकेतली फार थोडी पुस्तके तिच्या जवळपास येतात.

आता ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ (१९५३). माझ्यासाठी या मालिकेचे केंद्र हे पुस्तक आहे, आणि ते केवळ एका व्यक्तीमुळे आहे. रेक्स फॉर्टेस्क्यू हा श्रीमंत व्यापारी लंडनच्या आपल्या कार्यालयात चहा घेतल्यावर विषबाधेने मरतो आणि त्याच्या कोटाच्या खिशात राय धान्याचे दाणे सापडतात. यू वृक्षापासून मिळणाऱ्या टॅक्सीन या विषाचा हा प्रयोग आहे. दोन्ही महायुद्धांच्या काळात ख्रिस्तीबाईंनी रुग्णालयाच्या औषध विभागात काम केले होते आणि विषांची त्यांची माहिती पक्की होती. पुढचे मृत्यू एका इंग्रजी बडबडगीताच्या ओळींप्रमाणे घडत जातात. या गीतात बागेत कपडे वाळत घालणारी मोलकरीण आहे आणि तिचे नाक टोचून नेणारा पक्षी आहे. यू-ट्री लॉजमधली पार्लरमेड, म्हणजे दार उघडणारी आणि चहा-जेवण वाढणारी मुलगी, ग्लॅडिस मार्टिन, कपड्यांच्या दोरीपाशी गळा आवळलेल्या अवस्थेत सापडते, आणि तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला असतो.

त्या संध्याकाळचा तपशील पाहावा. चहाचा पहिला ट्रे दिवाणखान्यात पोचलेला आहे. खाण्याच्या पदार्थांचा दुसरा ट्रे दिवाणखान्याबाहेरच राहून गेला आहे. घरात त्याचा अर्थ कामचुकारपणा असा घेतला जातो. मुलगी कामात गबाळी होती, कुठेतरी रेंगाळली असेल. ट्रे अर्ध्यावर का राहिला असेल, हा प्रश्न ग्लॅडिसच्या बाजूने कुणी विचारत नाही.

आणि मग मिस मार्पल येते. तिला पोलिसांनी बोलावलेले नाही, कुटुंबातल्या कुणी बोलावलेले नाही. तिने वर्तमानपत्रात बातमी वाचली आणि ती गाडीत बसून आली, कारण ग्लॅडिस पूर्वी तिच्याकडे होती. सेंट फेथ्स या अनाथाश्रमातून मुली तिच्याकडे येत, घरकाम शिकत आणि पुढे जास्त पगाराच्या जागी जात. ग्लॅडिस त्यांतलीच एक, दिसायला साधी, समजायला मंद, कुणीही सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणारी, आणि आपल्यावर एखाद्या देखण्या पुरुषाचे प्रेम बसेल या आशेवर जगणारी. मिस मार्पल तिच्याविषयी कोणतीही खोटी स्तुती करत नाही. ती कशी होती ते इन्स्पेक्टर नीलला जसेच्या तसे सांगते. परंतु त्या चिमट्याचा विषय निघाला की तिचा आवाज बदलतो. माणूस मारणे हा गुन्हा आहेच, पण मेलेल्या मुलीची अशी थट्टा करणे, तिच्या माणूसपणाचा अपमान करणे, हे तिला सहन होत नाही. बाकीच्या घराला वारसा, शेअर आणि मृत्युपत्र यांची चिंता आहे. एकटी मिस मार्पल ग्लॅडिससाठी आलेली आहे.

रहस्यकथांच्या इतिहासात गुप्तहेर कोणासाठी काम करतो हे पाहिले, तर तो बहुधा ग्राहकासाठी, न्यायासाठी किंवा स्वतःच्या बुद्धीच्या समाधानासाठी काम करतो. इथे एक वृद्ध बाई आपल्याकडून शिकून गेलेल्या मोलकरणीच्या अपमानाचा हिशेब मागायला आलेली आहे, आणि त्या मुलीचा भोळेपणा तिला नेमका ठाऊक असल्यामुळेच तिला उलगडा होतो. तपासाची सगळी यंत्रणा ज्या मुलीला बिनमहत्त्वाची समजते, तिच्या स्वभावातच किल्ली दडलेली आहे. पुस्तकाच्या अखेरीस मिस मार्पल घरी परतते तेव्हा ग्लॅडिसचे एक पत्र तिची वाट पाहत असते. त्यात काय आहे ते सांगत नाही. पण ते वाचताना मिस मार्पलच्या मनात आधी दया येते, मग संताप, आणि मग आपला तर्क बरोबर ठरल्याचा विजय, आणि हा क्रम लेखिकेने उघडपणे नोंदवला आहे. त्या तिसऱ्या भावनेमुळे काही वाचकांना शेवट क्रूर वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो.

या पुस्तकावरचा एक आक्षेप मात्र मी मान्य करते. अनाथाश्रमातून मुली आणून त्यांना कमी पगारावर ‘शिकवणे’ ही व्यवस्था मिस मार्पलच्या सोयीची होती, आणि कादंबरी तिच्याकडे बोट दाखवत नाही. मुलींना निवारा मिळे हे खरे, पण भांडी, फरशा आणि चांदीची झिलई यांपलीकडे त्यांच्या आयुष्याचे काय व्हावे याचा विचार त्या व्यवस्थेत नव्हता. दयाळू मालकीण असली तरी ती मालकीणच राहते. आपल्याकडेही घरी धुणे-भांडी करायला येणाऱ्या बाईंना त्या घरातले सगळे ठाऊक असते आणि घरातल्यांना पुष्कळदा त्यांचे आडनाव सांगता येत नाही, त्यामुळे या नात्यातली माया आणि विषमता दोन्ही मराठी वाचकाला वेगळ्याने समजावून द्यावी लागत नाहीत.

त्याआधीच्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’बद्दल (१९५०) माझे मत थोडे विभागलेले आहे. प्रकाशकांनी ते ख्रिस्तीबाईंचे पन्नासावे पुस्तक म्हणून गाजवले, आणि कोड्याच्या बांधणीत ते मालिकेत पहिले आहे यात मला शंका नाही. चिपिंग क्लेगहॉर्न गावच्या वर्तमानपत्रात जाहिरात येते की, शुक्रवारी, २९ ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेसहा वाजता लिटल पॅडॉक्स या घरी खून होणार आहे, मित्रमंडळींनी यावे. आणि सगळे गाव काहीतरी निमित्त काढून तिथे हजर होते. खरी ताकद या युक्तीपेक्षा तिच्यामागच्या परिस्थितीत आहे. महायुद्धानंतरचे इंग्लंड आहे, रेशनची पुस्तके आहेत, लोण्याची चोरून देवघेव आहे, कोळशाची काटकसर आहे, मोठ्या घरांतल्या बायका कोंबड्या आणि बाग सांभाळत आहेत. पूर्वी गावात कुणी नवे आले तर ओळखीची पत्रे घेऊन येत असे. आता लोक येतात, आपण अमुक म्हणून सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यापलीकडे त्यांच्याविषयी कुणाला काहीच माहीत नसते, हे मिस मार्पल या पुस्तकात समजावून सांगते, आणि सगळे रहस्य त्या एका निरीक्षणावर उभे आहे.

परंतु याच घरात मित्झी आहे. मध्य युरोपातून पळून आलेली ही निर्वासित स्वयंपाकीण आपल्या कुटुंबाला डोळ्यांसमोर मारले गेल्याचे सांगते, पोलिसाच्या गणवेशाला घाबरते, दारावरच्या प्रत्येक थापेत आपल्या मृत्यूची चाहूल ऐकते. घरातले तरुण तिची चेष्टा करतात, पोलीस तिला खोटारडी समजतात, आणि लेखिकाही तिच्या मोडक्या बोलण्यावर वाचकाला हसवते. १९५० मध्ये, युद्ध संपून पाच वर्षे झालेली असताना, हे हसू मला फार खटकते. शेवटच्या भागात मित्झीला धैर्याचे एक काम दिले आहे आणि ते ती पार पाडते, हे खरे. पण त्याने आधीच्या दोनशे पानांची भरपाई होत नाही. तिने केलेल्या चॉकलेट केकचे टोपणनाव सगळ्यांच्या लक्षात राहते, आणि तिच्या मेलेल्या माणसांपैकी एकाचेही नाव पुस्तकात राहत नाही.

‘दे डू इट विथ मिरर्स’ (१९५२) मला मालिकेतले सर्वांत फिके पुस्तक वाटते. बालगुन्हेगारांना सुधारण्याचे केंद्र ही पार्श्वभूमी नवी होती, पण ती मुले नेपथ्यासारखी मागे उभी राहतात.

‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ (१९५७) मात्र वाचावेच. समांतर धावणाऱ्या दोन गाड्या, एकीच्या खिडकीतून दुसरीत दिसलेला गळा आवळणारा माणूस, आणि कुठेच न सापडणारे प्रेत, ही सुरुवात अप्रतिम आहे. मिस मार्पल आता वृद्ध झाली आहे, रुळांच्या कडेने फिरून पुरावा शोधणे तिच्याने होणार नाही, म्हणून ती ल्युसी आयल्सबरोला नेमते. ल्युसी ऑक्सफर्डमध्ये गणितात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली आहे. देशात कुशल घरकामाची तीव्र टंचाई आहे हे ओळखून तिने तोच व्यवसाय निवडला, आणि ती भरपूर मोबदला घेते, कुठेही फार दिवस राहत नाही, आपल्या अटींवर काम करते. क्रॅकेन्थॉर्प कुटुंबाच्या जुन्या वाड्यात ती कामाला लागते आणि फावल्या वेळात गोल्फच्या सरावाचे निमित्त करून सगळे आवार धुंडाळते. ॲग्नेस आणि ग्लॅडिस यांना जे मिळाले नाही ते सगळे ल्युसीकडे आहे, म्हणजे शिक्षण, पैसा, आणि नको वाटले तर निघून जाण्याचे स्वातंत्र्य. कामवालीकडे कुणी लक्ष देत नाही, ही ग्लॅडिसला मारक ठरलेली गोष्ट ल्युसीच्या हातात शस्त्र बनते. घरातले बहुतेक पुरुष तिला या ना त्या स्वरूपात मागणी घालतात, तो भाग थोडा लांबला आहे. उलगडाही पुराव्यांपेक्षा अंदाजावर जास्त टेकतो. तरीही ल्युसीसाठी मी ही कादंबरी पुन्हा वाचते.

या कादंबरीवर १९६१ मध्ये ‘मर्डर, शी सेड’ हा चित्रपट निघाला. त्यात ल्युसीला वगळून मार्गारेट रदरफर्ड यांची मिस मार्पल स्वतःच मोलकरीण म्हणून त्या घरात शिरते. रदरफर्ड यांचा अभिनय जोरकस आहे, पण या बदलाने कथेतले मर्म गेले, कारण मूळ पुस्तकात काम करणाऱ्या तरुण बाईची बुद्धी आणि घरी बसून विचार करणाऱ्या वृद्ध बाईची बुद्धी अशी जोडी आहे. त्याच चित्रपटात मिसेस किडर या कामवाल्या बाईची छोटी भूमिका जोन हिक्सन यांनी केली होती, आणि पुढे १९८४ ते १९९२ या काळात बीबीसीच्या मालिकेत बाराही कादंबऱ्यांतली मिस मार्पल त्यांनीच साकारली. माझ्या डोळ्यांसमोर येणारी मिस मार्पल त्यांचीच आहे, मऊ बोलणारी आणि नजरेत कणभरही मऊपणा नसलेली.

‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ (१९६२) हे पुस्तक ग्लॅडिसच्या पुस्तकानंतर लगेच वाचावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सेंट मेरी मीडच्या कडेला ‘डेव्हलपमेंट’ नावाची नवी वसाहत उभी राहिली आहे, सुपरमार्केट आले आहे, आणि बँट्रींचा वाडा एका चित्रपट अभिनेत्रीने विकत घेतला आहे. मिस मार्पलच्या घरी आता अनाथाश्रमातली मुलगी नाही. मिस नाइट ही तिला लहान मुलासारखी वागवणारी सोबतीण आहे, आणि नव्या वसाहतीतली चेरी बेकर ही विवाहित तरुणी झाडलोट करायला येते. चेरी मोठ्याने गाते, बशा फोडते, मनात येईल ते बोलते आणि मिस मार्पलला ती मनापासून आवडते. सुरुवातीलाच मिस मार्पल आपल्या जुन्या मुलींची नावे आठवते, फ्लॉरेन्स, ॲमी, क्लारा, ॲलिस. त्यांच्या मंदपणाविषयीचे शब्द तिथे बरेच बोचरे आहेत, आणि तरीही त्या ओळींत आठवणीची ओल आहे.

पुढे वाड्यावरच्या समारंभात एक बाई विषबाधेने मरते, आणि त्या दिवशी तिथे मदतीला गेलेल्या एका मुलीने काहीतरी विचित्र पाहिलेले असते. ती मुलगी चेरीची मैत्रीण आहे आणि तिचे नाव आहे ग्लॅडिस डिक्सन. आपण पाहिले ते कुणाला सांगावे याचा ती विचार करते आहे, आणि तेही चुकीच्या माणसाला विचारायचे ठरवते आहे. मार्पलच्या पुस्तकांत इतकी वर्षे वावरलेल्या वाचकाला इथे पुढचे पान उलटायची भीती वाटते, कारण या जागी काय होते हे त्याला पाठ झालेले आहे. पण या वेळी चेरी ती गोष्ट मिस मार्पलला सांगते, आणि मिस मार्पल एक क्षणही न दवडता त्या मुलीला सुटीसाठी बोर्नमथला पाठवून देते. ग्लॅडिस डिक्सन वाचते. दोन पुस्तकांत नऊ वर्षांचे अंतर आहे, नाव तेच आहे, प्रसंगाची चौकट तीच आहे. हे नाव लेखिकेने जाणूनबुजून पुन्हा वापरले की हाताला लागले म्हणून वापरले, याने माझ्या वाचनात फरक पडत नाही. पुस्तकांच्या पानांवर ते घडलेले आहे, आणि पहिल्या ग्लॅडिसचे जे झाले ते माहीत असलेल्या वाचकाला त्या सुटीचे मोल कळते. ती वाचली याचे कारणही पाहण्यासारखे आहे : चेरी मिस मार्पलशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकते. ॲग्नेसला फोन करण्याचीही चोरी होती; चेरी हातातला झाडू ठेवून गप्पा मारते.

त्यानंतरच्या ‘अ कॅरिबियन मिस्टरी’मध्ये (१९६४) ख्रिस्तीबाई पुन्हा जुन्या सोयीकडे वळतात, आणि ते मला निराश करते. सेंट ऑनोरे या काल्पनिक बेटावरच्या हॉटेलात काम करणारी व्हिक्टोरिया जॉन्सन एका मृत पाहुण्याच्या खोलीतली औषधाची बाटली आदल्या दिवशी तिथे नव्हती, हे अचूक हेरते. खोलीची रोज झाडलोट करणाऱ्या बाईलाच दिसावा असा हा पुरावा आहे, आणि त्याची कल्पना फार चांगली आहे. तिचा खून होतो. आणि ग्लॅडिससाठी उसळलेला संताप व्हिक्टोरियासाठी उसळत नाही. ती कृष्णवर्णीय आहे, बेटावरची आहे, आणि कथा तिच्या प्रेतावरून पाहुण्यांच्या भानगडींकडे फार लवकर परतते. मिस्टर राफिएल हा खवट, आजारी धनाढ्य आणि मिस मार्पल यांचे संवाद या पुस्तकाचे वैभव आहेत, तेवढ्यासाठी ते वाचनीय आहे. ‘ॲट बर्ट्रम्स हॉटेल’मधली (१९६५) चुणचुणीत, गुलाबी गालांची, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या, राजा एडवर्डच्या काळातून उचलून आणल्यासारखी मोलकरीण पाहून मिस मार्पलला सुख वाटते आणि लगेच संशयही येतो, हा त्या पुस्तकातला सर्वांत सुंदर भाग. पुढची गुन्हेगारी टोळीची कथा मला पटत नाही.

‘नेमेसिस’ (१९७१) ही ख्रिस्तीबाईंनी मार्पलवर लिहिलेली अखेरची कादंबरी. तिच्यात पुनरुक्ती आहे, संवाद सैल आहेत, मध्ये कथा रेंगाळते, आणि तरीही मी तिच्या बाजूने उभी राहते. मृत मिस्टर राफिएल मिस मार्पलवर एक काम सोपवून जातात, पण काम काय आहे हेच सांगत नाहीत. ती बसने जुनी घरे आणि बागा पाहत निघते आणि व्हेरिटी हंट या मुलीच्या जुन्या खुनापाशी पोचते. व्हेरिटीसाठी सगळे हळहळतात. त्याच भागातून त्याच सुमारास नोरा ब्रॉड नावाची आणखी एक मुलगी नाहीशी झालेली असते; ती गरीब घरातली, मुलांबरोबर हिंडणारी, आणि ‘त्या मुली तशाच’ म्हणून तिचा विषय गावाने मिटवून टाकलेला. मिस मार्पल दोघींना एकाच वजनाने मोजते. ऐंशीच्या घरात पोचलेल्या लेखिकेने हे लिहिले आहे, आणि वाक्ये ढिली झाली असली तरी नजर ढिली झालेली नाही.

‘स्लीपिंग मर्डर’ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली असली तरी ती लिहिली गेली बरीच आधी, महायुद्धाच्या काळात, आणि लेखिकेने ती राखून ठेवली होती. त्यामुळे ती ‘नेमेसिस’नंतर वाचली की मिस मार्पल एकाएकी तरुण झाल्यासारखी वाटते. न्यूझीलंडहून आलेल्या ग्वेंडाने विकत घेतलेले घर, तिला आधीच ओळखीचे वाटणारे जिने आणि दारे, ही भीती मालिकेत इतरत्र कुठेही इतकी गडद नाही. लिली किंबल ही त्या घरातली जुनी मोलकरीण वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट सांगायला रेल्वेने निघते आणि पोचत नाही. तिला थोडी पैशांची आशा आहे, एवढ्यावरून लेखिकेने तिला हलके रेखाटले आहे. ॲग्नेसच्या वाट्याला आलेली करुणा तिच्या वाट्याला आलेली नाही. म्हणून मी ही कादंबरी ‘द मूव्हिंग फिंगर’च्या अगोदर वाचायला सुचवते. त्यानंतर ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’, मग ग्लॅडिस मार्टिनचे पुस्तक, मग ल्युसीचे, मग ग्लॅडिस डिक्सनचे, आणि सर्वांत शेवटी ‘नेमेसिस’. बाकीची पुस्तके यांच्यामध्ये हवी तिथे वाचली तरी चालतील.